गवताचा भाव आणि आमची प्रायव्हेट लिमिटेड

गेल्या रविवारी डहाणूला आम्हा सुट्या कामकऱ्यांची बैठक झाली. सुटे कामकरी म्हणजे फ्रीलान्सर. डहाणू, बोर्डी, घोलवड, तलासरी असं पसरलेलं हे पब्लिक आहे. दोन वेबवाले, एक अँड्रॉइडवाला, एक डिझाईनवाली, एक लग्नाचे आणि फॅक्टरीचे फोटो काढणारा, एक भाषांतर करणारी, आणि तलासरीहून बाईकवर आलेले दोघं जण. हे दोघं वापी-उंबरगावच्या कारखान्यांसाठी मशीनचे ड्रॉइंग काढतात. शिवाय मी. साडेचार वर्षं डहाणू लोकलने अंधेरीला जाऊन येऊन रोजचे पाच तास जाळले आणि मग राजीनामा टाकून घरी बसलो. ‘घरी बसलो’ हे आईचे शब्द. मी त्याला स्वतंत्र व्यवसाय म्हणतो.

बैठकीचा विषय असा की आपली एक संघटना काढायची. सोसायटी म्हणून नोंदवायची, वर्षाला हजार रुपये वर्गणी, एक अध्यक्ष, एक सेक्रेटरी. इथपर्यंत वीस मिनिटांत एकमत झालं. मराठी माणसं जमून वीस मिनिटांत एकमत! मी मनात म्हटलं, काहीतरी चुकतंय.

मग कोणीतरी म्हणालं, "पण संघटनेचं धोरण काय?" आणि पुढचे तीन तास आम्ही फक्त इन्कम टॅक्सवर भांडलो.

एक गट म्हणे, सभासदांनी कंपनी काढलीच पाहिजे. एकट्याची ओपीसी म्हणजे वन पर्सन कंपनी, नाहीतर बायकोला घेऊन प्रायव्हेट लिमिटेड. संघटनेने सीए ठरवायचा, घाऊक दरात दहा कंपन्या नोंदवायच्या, आणि सरकारकडे मागणी करायची की छोट्या कंपन्यांचा टॅक्स कमी करा. दुसरा गट म्हणे एलएलपी बरी. तिसरा गट (म्हणजे भाषांतरवाली आणि मी) म्हणत होता की अहो, आधी थकलेले पैसे कसे मिळवायचे ते बोला. त्यावर आम्हाला सांगण्यात आलं की तो ‘वैयक्तिक प्रश्न’ आहे.

वैयक्तिक! माझे एका क्लायंटकडे एक लाख पस्तीस हजार सात महिने अडकलेत. काम झालं, सर्व्हरवर चढलं, त्यांचे लोक ते रोज वापरतात, आणि अकाउंट्समधला माणूस दर वेळी सांगतो की ‘साहेब टूरवर आहेत’. जगातल्या सगळ्यात जास्त फिरलेल्या माणसांपैकी ते साहेब असणार. भाषांतरवालीचे ऐंशी हजार आहेत. ड्रॉइंगवाल्यांना तर आकडासुद्धा नीट सांगता येईना, कारण दर बिलातून थोडं थोडं कापून मिळतं आणि कापल्याचं कारण कुणी देत नाही. बैठकीतल्या नऊपैकी सात जणांचे पैसे कुठे ना कुठे अडकलेले आहेत, आणि आम्ही चर्चा करत होतो ती आमच्या कंपनीच्या नावापुढे काय लावायचं याची.

चिडलो. तिथे नीट बोलता आलं नाही. म्हणून आता लिहितो.

आधी टॅक्सचं गणित संपवून टाकू, कारण तेच मुळात चुकीचं आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात २०१६ च्या बजेटने कलम ४४एडीए घातलं. ठरावीक व्यवसाय करणारी व्यक्ती असेल आणि वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल, तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची. खर्चाच्या वह्या ठेवायच्या नाहीत, ऑडिट नाही, आणि ॲडव्हान्स टॅक्सही चार हप्त्यांऐवजी १५ मार्चला एकदाच. रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर २०२३ पासून ही मर्यादा ७५ लाख झाली. इंजिनिअरिंग आणि तांत्रिक सल्ला हे व्यवसाय यादीत आहेतच, आणि इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीही २००१ सालीच अधिसूचना काढून यादीत घातलेली आहे. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात (अंमल १ एप्रिल २०२६ पासून) कलमांचे नंबर बदललेत, पण सोय टिकली आहे. मात्र ती व्यक्तीला आणि साध्या भागीदारीला आहे. एलएलपीला नाही. कंपनीला तर नाहीच नाही.

आता समजा वर्षाला २४ लाख जमा आहे. (समजायला काय जातं!) ४४एडीएखाली उत्पन्न १२ लाख. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत रिबेट आहे. म्हणजे टॅक्स शून्य. भोपळा.

हाच माणूस ओपीसी काढून बसला तर? खरा खर्च चार लाख धरा, उरले वीस. सगळे वीस लाख स्वतःला पगार म्हणून घेतले तर ७५ हजारांची वजावट जाऊन सेससकट साधारण १ लाख ९२ हजार टॅक्स. हुशारी करून पावणेतेरा लाखच पगार घेतला तर त्यावर शून्य, पण उरलेल्या सव्वासात लाखांवर कंपनीला २५.१६८ टक्क्यांनी सुमारे १ लाख ८२ हजार, आणि वर ते पैसे कंपनीच्याच खात्यात अडकलेले. काढायचे म्हटलं तर डिव्हिडंड, आणि २०२० पासून डिव्हिडंडवर घेणाऱ्याच्या हातात पुन्हा टॅक्स. शिवाय उलाढाल एक रुपया असली तरी कंपनीला ऑडिट सक्तीचं. वार्षिक फॉर्म भरायला उशीर झाला तर दर फॉर्मला दिवसाला शंभर रुपये.

म्हणजे दीड-दोन लाख रुपये जास्त भरून मिळालं काय? व्हिजिटिंग कार्डावर ‘डायरेक्टर’.

हे मी एक्सेलमध्ये करून दाखवलं. डिझाईनवाली म्हणाली की तिचं काम यादीतल्या कुठल्या खान्यात बसतं यावर तिच्या सीएचंच मन बनत नाही. मान्य, तो प्रश्न खरा आहे. फोटोवाल्याचंही गणित वेगळं पडतं. पण बाकीच्या सहा जणांचं काय? त्यांचं उत्तर ठरलेलं, "अरे, बायकोला पगार दाखवायचा." दाखवा की! कलम ६४ काही मी लिहिलेलं नाही. नवऱ्याचा भरीव हिस्सा असलेल्या धंद्यातून बायकोला पगार दिला आणि तो तिच्या स्वतःच्या शिक्षणा-अनुभवाचा नसला, तर तो पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो. वहिनी बीएससी असून कोड लिहीत नाहीत, हे अख्ख्या मसोलीला माहीत आहे.

कंपनीच्या बाजूने एकच मुद्दा मला पटतो. तो तलासरीवाल्यांपैकी एकाने मांडला आणि तोही अगदी हळू आवाजात. म्हणाला, "दादा, हौस कुणाला आहे? परचेसवाला सांगतो, आम्ही माणसाला व्हेंडर कोड देत नाही. कंपनी आणा." हे खरं आहे. पण मग नीट बघा काय झालं. कंपनी ही आपली निवड नाही, ती समोरच्याची अट आहे. समोरच्याला माणूस नको, कारण माणसाबरोबर प्रश्न येतात. हा रोज नऊ ते सात आमच्याच टेबलावर बसतो, आमच्याच मॅनेजरला रजा मागतो, मग हा आमचा नोकर तर नाही ना? याचा पीएफ कोण भरणार? ग्रॅच्युइटी? कंपनी मध्ये घातली की हे प्रश्न कागदोपत्री तरी विचारायचे राहत नाहीत. संघटनेने ही अट मोडायची, की अट पुरी करायला सभासदांना घाऊक डिस्काउंट मिळवून द्यायचा?

आता जरा लांब जाऊ, कारण हे सगळं आपल्या आधी दुसऱ्यांनी करून पाहिलंय.

इंग्लंडात आयटीतले काँट्रॅक्टर पूर्वीपासून आपापली लिमिटेड कंपनी काढून काम करायचे. मध्ये एजन्सी, पलीकडे बँक किंवा टेलिकॉम. पगार थोडा, बाकी डिव्हिडंड, म्हणजे नॅशनल इन्शुरन्स वाचला. ९ मार्च १९९९ च्या बजेटच्या दिवशी तिथल्या कर खात्याने एक पत्रक काढलं, त्याचा क्रमांक आयआर ३५. मुद्दा साधा होता. मधली कंपनी काढून टाकली आणि तरी हा माणूस नोकरासारखाच दिसत असेल, तर त्याच्याकडून नोकराइतकाच कर घ्या. एप्रिल २००० पासून कायदा लागू झाला. ह्याविरुद्ध काँट्रॅक्टर पेटले आणि १९९९ मध्येच त्यांनी स्वतःची संघटना काढली, प्रोफेशनल काँट्रॅक्टर्स ग्रुप. हजारो सभासद, भरपूर वर्गणी, उत्तम वकील. कोर्टात गेले. २००१ मध्ये हायकोर्टात हरले, त्याच वर्षी अपिलात हरले.

हरण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. लढले हे चांगलंच. माझं म्हणणं असं की संघटनेचा जन्मच कर वाचवण्यासाठी झाल्यामुळे तिचं सगळं आयुष्य त्यातच गेलं. २००७ मध्ये नवरा-बायकोच्या आर्क्टिक सिस्टिम्स कंपनीचा खटला हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये जिंकला, केवढा आनंद. विषय काय, तर बायकोच्या नावाने डिव्हिडंड घ्यावा का. मधल्या काळात आणखी एक मोहीम झाली, आयटीतल्या परदेशी लोकांना झटपट मिळणाऱ्या वर्क परमिटविरुद्ध. हे परदेशी म्हणजे कोण? बहुतेक आपलेच, पुण्या-मुंबई-बंगळूरहून गेलेले. म्हणजे खाली दर पडतोय हे त्यांना कळत होतं, पण दर पाडणाऱ्या गिऱ्हाईकाला हात लावायच्या ऐवजी शेजारच्या टेबलावरच्या स्वस्त माणसाला हात लावला.

आणि शेवटी? २०१७ मध्ये सरकारी खात्यांसाठी आणि २०२१ मध्ये खासगी मोठ्या कंपन्यांसाठी नियम फिरवला. हा माणूस नोकर की धंदेवाला हे ठरवायची जबाबदारी गिऱ्हाईकावर टाकली. गिऱ्हाईक कशाला धोका घेतोय? मोठमोठ्या बँकांनी सांगून टाकलं की स्वतःची कंपनी घेऊन येणारे काँट्रॅक्टर आम्हाला नकोत. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने हे दोन्ही बदल मागे घेतो असं जाहीर केलं, आणि पुढच्याच महिन्यात ती घोषणाच मागे घेतली! वीस वर्षांहून जास्त काळ ज्या एका गोष्टीवर संघटना उभी होती, ती गोष्ट गिऱ्हाईकाच्या एका सर्क्युलरने संपली. कर हा सरकारचा विषय आहे, सरकार तो एका संध्याकाळी बदलतं. बिलाचे पैसे कधी मिळणार हा गिऱ्हाईकाचा आणि आपला विषय आहे. त्यात आपण काही करू शकतो.

आता परत आपल्या गावाकडे या. बैठकीत मी झरीचं नाव काढलं तर एक जण हसला. म्हणाला, "कुठे ते वारली, कुठे आपण लॅपटॉपवाले." तलासरीवाले दोघं हसले नाहीत.

झरी तलासरी तालुक्यात आहे. २३ मे १९४५ ला तिथे पाचेक हजार वारली जमले, शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेच्या बोलावण्यावरून. वेठ करायची नाही, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर लग्नगडी म्हणून राबायचं नाही, असं ठरलं. हे आपल्याकडे शाळेत कुणी शिकवलं नाही. मला ते ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे गोदावरीबाईंचं पुस्तक वाचून कळलं, तेही अंधेरीहून परतताना विरारच्या पुढे बसायला जागा मिळाल्यावर. तलासरीच्या कॉलेजला त्यांचं नाव आहे.

पण मला सांगायचंय ते त्याच सालच्या ऑक्टोबरचं. वेठीविरुद्धचा लढा हा गुलामीविरुद्धचा होता, त्याच्याशी आपली तुलना करायची लायकी नाही, आणि मी करतही नाही. ऑक्टोबरचा संप मात्र चक्क दराचा होता. जमीनदारांच्या रानातलं गवत कापून द्यायचं काम. पगार नाही, हजेरी नाही, जेवढं कापाल तेवढ्याचे पैसे. म्हणजे आपल्या भाषेत फिक्स्ड प्राइस प्रोजेक्ट. मागणी काय? ५०० पौंड गवताला अडीच रुपये. बस, एक आकडा. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर. गवत कापायचा हंगाम थोड्या आठवड्यांचा असतो, गवत वाळून पडलं तर जमीनदाराच्या हातात काही राहत नाही, हे कापणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. डेडलाइन कुणाच्या बाजूने आहे हे त्यांना कळत होतं. आम्हाला डिग्री घेऊन कळत नाही.

त्याची किंमत भयंकर होती. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. संप मात्र मोडला नाही. आजही दर वर्षी १० ऑक्टोबरला त्यांची आठवण करतात. पुढच्या वर्षी जंगलकामाच्या मजुरीसाठी पुन्हा संप झाला, मागणी दिवसाला सव्वा रुपया. पुन्हा एकच आकडा.

माझा मुद्दा एवढाच की त्या माणसांनी एकत्र येऊन पहिला प्रश्न विचारला तो ‘मला किती आणि कधी’ हा. ‘माझ्या नावापुढे काय लावू’ हा नाही.

(जाता जाता. आपल्याच तालुक्यातलं दुसरं उदाहरण वारली चित्रांचं. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे २०११ मध्ये पद्मश्री झाले, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. छान झालं. पण मानांकन नावाचं रक्षण करतं, चित्राला भाव किती मिळणार हे ते ठरवत नाही. स्टेटस मिळालं की भाव आपोआप मिळेल हे फक्त आम्हा लॅपटॉपवाल्यांनाच वाटतं असं नाही.)

इथे आमचा अँड्रॉइडवाला, जो सगळ्यात जास्त वाचतो, त्याने माझी विकेट काढली. म्हणाला, "मग काय, संघटनेने तासाचा किमान दर ठरवायचा? कार्टेल होईल ते. कॉम्पिटिशन ॲक्ट."

बरोबर आहे त्याचं. २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम ३ सांगतं की एकाच प्रकारचा धंदा करणाऱ्यांनी किंवा त्यांच्या संघटनेने मिळून किंमत ठरवली तर ती स्पर्धेला मारक धरली जाते. आणि हे फक्त सिमेंटवाल्यांना लागू आहे असं समजू नका. २०१७ मध्ये स्पर्धा आयोगाने केरळातल्या सिनेनटांच्या आणि तंत्रज्ञांच्या संघटनांना एका दिग्दर्शकाची कोंडी केल्याबद्दल दंड केला. आम्ही कामगारांची युनियन आहोत, हा बचाव चालला नाही.

पण हाच तर माझा मुद्दा आहे राव! तुम्ही जेवढं ओरडून सांगाल की आम्ही धंदा आहोत, आम्ही कंपनी आहोत, आम्ही डायरेक्टर आहोत, तेवढं तुमचं एकत्र येणं कार्टेल ठरणार. तेच मजुराने केलं तर युनियन. एकच कृती, नाव बदललं की एकीकडे हक्क आणि दुसरीकडे गुन्हेगारी टोळी. दोन दगडांवर पाय ठेवायचा तर पडायची तयारी ठेवा. टॅक्ससाठी कंपनी आणि दरासाठी कामगार, असं दोन्ही होत नाही.

युरोपात ह्यावर वर्षानुवर्षं डोकेफोड झाली. नेदरलँड्समध्ये ऑर्केस्ट्रात बदली वाजवणारे वादक होते, काही नोकर म्हणून, काही स्वतंत्र म्हणून. युनियनने दोघांसाठी किमान मानधन ठरवलं, तिथलं स्पर्धा खातं आडवं आलं. डिसेंबर २०१४ मध्ये युरोपियन कोर्टाने सांगितलं की स्वतंत्र व्यावसायिकांसाठी असा करार करता येणार नाही, पण जो नावापुरता स्वतंत्र आहे आणि प्रत्यक्षात नोकरासारखाच आहे त्याच्यासाठी करता येईल. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपियन कमिशनने मार्गदर्शक तत्त्वं काढली, की एकट्याने, स्वतःच्या श्रमावर जगणारी माणसं बड्या गिऱ्हाईकाशी एकत्र वाटाघाट करत असतील तर त्यांच्यामागे स्पर्धा कायदा लावायचा नाही. कळीचे शब्द ‘एकट्याने’ आणि ‘स्वतःच्या श्रमावर’. कंपनीच्या शेअर कॅपिटलवर नव्हे.

युरोप लांब वाटत असेल तर अच्छाडचा नाका ओलांडा, अहमदाबादला जा. १९७२ मध्ये इलाबेन भट्टांनी सेवा ही संघटना ट्रेड युनियन म्हणून नोंदवायला नेली. डोक्यावर ओझी वाहणाऱ्या, घरी शिवणकाम करणाऱ्या, हातगाडीवाल्या बायका. लेबर खात्याने विचारलं, तुमचा मालक कोण? मालकच नाही तर युनियन कुणाविरुद्ध? इलाबेनचं म्हणणं, युनियन कुणाच्या विरुद्ध असायलाच हवी असं नाही, ती काम करणाऱ्यांची एकजूट असते. नोंदणी झाली. त्या बायका त्या दिवशी ‘आम्ही उद्योजक आहोत, आमचं चेंबर ऑफ कॉमर्स करा’ असं म्हणत गेल्या असत्या तर?

त्यामुळे संघटनेचं पहिलं धोरण माझ्या मते हे हवं, की सभासद म्हणजे माणूस. कंपनी सभासद होऊ शकत नाही. ज्याने क्लायंटच्या आग्रहापायी कंपनी काढलीय त्याने माणूस म्हणून यावं, कंपनी घरी ठेवून. आणि ते ‘कन्सल्टंट’ म्हणून तीन-तीन वर्षं एकाच ऑफिसात बसवलेले, दहा टक्के टीडीएस कापून ना पीएफ ना रजा असे जे आहेत, त्यांनाही घ्या. बैठकीत त्यांना ‘खरे फ्रीलान्सर नव्हेत’ म्हणून बाहेर ठेवायचा ठराव येत होता. अरे, त्यांचीच केस सगळ्यात भक्कम आहे! कोर्टात उद्या कुणाला ‘हा नावापुरता स्वतंत्र’ असं म्हणता येणार असेल तर त्यांनाच. आपण त्यांच्या मागे उभं राहायचं की त्यांना जेवणावळीतून उठवायचं?

आणि दुसरं धोरण पैशाच्या तारखेचं. दर ठरवण्यात कायद्याची अडचण आहे ना? ठीक, दर सध्या सोडा. तारीख मात्र कायद्यानेच ठरवून दिलेली आहे आणि आम्ही नऊ इंजिनिअर-बिंजिनिअर मिळून तिचा उपयोग करत नाही. २००६ चा सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांचा कायदा काढून बघा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रार करायला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. आणि ‘उद्यम’ नोंदणी? फुकट. आधार-पॅन लागतं, दहा-पंधरा मिनिटांचं काम. एकटा माणूस करू शकतो, कंपनी लागत नाही. माझी नोंदणी आहे का? गेल्या महिन्यापर्यंत नव्हती. एक लाख पस्तीस हजारांचं काम नोंदणीच्या आधी करून बसलो, त्यामुळे माझ्याच केसमध्ये ह्या कायद्याचा आधार लुळा पडतोय. हसा.

ह्याहून गमतीची गोष्ट २०२३ च्या बजेटने केली. कलम ४३बी मध्ये ‘एच’ जोडलं, आणि त्या आर्थिक वर्षाच्या हिशोबापासून सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ह्या मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. म्हणजे तुमचे पैसे अडवले तर साहेबांचा टॅक्स वाढतो. आता मला सांगा, टॅक्सवर एवढं प्रेम असणाऱ्या आमच्या मंडळींना तीन तासांत हे एक कलम आठवू नये?

परदेशी क्लायंटला यातलं काही लागू नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर अँड्रॉइडवाला पुन्हा विकेट काढेल. तिथे ॲडव्हान्स हाच उपाय. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून कायदा आहे की तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून तीस दिवसांत फ्रीलान्सरचे पैसे द्या, आणि ठरावीक रकमेच्या वरच्या कामाला लेखी करार हवाच. तो कायदा तिथल्या फ्रीलान्सर्स युनियनने मागून घेतला. नावात युनियन आहे हे लक्षात घ्या.

तर पुढची बैठक १५ दिवसांनी आहे, ह्या वेळी तलासरीला, ड्रॉइंगवाल्यांच्या घरी. मी दोन पानी मराठी-इंग्रजी कराराचा मसुदा टाईप करायला घेतलाय. तीस टक्के आगाऊ, बिलावर उद्यम क्रमांक, ४५ दिवस, व्याजाची ओळ ठळक अक्षरात. बैठकीला येताना प्रत्येकाने थकलेल्या बिलांची यादी आणायची, क्लायंटचं नाव, रक्कम, तारीख. कंपनीवाल्यांनीही आणावी. डायरेक्टरसाहेबांचे किती अडकलेत ते बघायची मला फार उत्सुकता आहे.

ता.क. आईने हे वाचून विचारलं, "मग तुझे एक पस्तीस कधी येणार?" साहेब अजून टूरवर आहेत.